संकेतस्थळाची नोंदवही कशी वाचावी?

वैद्यकीय व्यवसायात नोंदवहीचे महत्त्व काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. बाह्यरुग्ण विभागाच्या वहीत दिवसाकाठी शंभर नोंदी झाल्या म्हणजे शंभर मुले आजारी पडली, असा निष्कर्ष आपल्यापैकी कोणीही काढणार नाही. एकच मूल सोमवारी ताप म्हणून येते, मंगळवारी रक्ताचा अहवाल दाखवण्यास येते आणि शुक्रवारी खोकल्यासाठी पुन्हा येते. नोंदी तीन, मूल एक. हे भान आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा आपण वेगळा विचारही करीत नाही. संकेतस्थळावरील भेटींचा आकडा समोर आला की मात्र हेच भान सुटते. मोठा आकडा पाहून आपण हरखतो, लहान आकडा पाहून खट्टू होतो आणि त्याच्या आधारे निर्णय घेऊन मोकळे होतो.

आज आपल्यापैकी अनेकांच्या रुग्णालयांची, तसेच आपल्या संस्थांची संकेतस्थळे आहेत. ती कोणी पाहिली याची नोंद प्रत्येक सर्व्हर आपोआप ठेवीत असतो आणि ती पाहण्याची सोय होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये असते. ही नोंदवही कशी वाचावी, तिच्यावर कितपत विसंबावे आणि ती कशी जपावी, याविषयी काही विचार प्रस्तुत लेखात मांडत आहे. विषय संगणकाचा असला तरी त्यातील तर्क आपल्या नित्याच्या परिचयाचा आहे.

प्रश्न कसा उद्भवला

आदिलाबाद हे सीमेवरचे गाव. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर बालआरोग्याची माहिती तेलुगू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत दिली जाते. लसीकरणाचे वेळापत्रक, तापात घ्यावयाची काळजी, अतिसार आणि जलसंजीवनी, सर्पदंश झाल्यावर काय करावे व काय टाळावे, असे विषय त्यात आहेत. कार्यकारिणीच्या एका बैठकीत एका तरुण सहकाऱ्यांनी भेटींच्या अहवालाचा कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, मराठी पानांच्या हिट्स सर्वांत कमी आहेत. मजकूर अद्ययावत ठेवण्याचा खर्च मात्र दरवर्षी होतोच. ही पाने आता बंद केली तर काय बिघडेल?"

प्रश्न रास्त होता. संस्थेचा पैसा सभासदांचा असतो आणि त्याचा हिशेब विचारणे हे कर्तव्यच आहे. परंतु आकडा कशाचा आहे हे समजल्याशिवाय त्यावर शस्त्रक्रिया ठरवणे योग्य नव्हे, असे माझे मत पडले. "निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ, तोवर मूळ नोंदी पाहू," असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

नोंदवही कोठे असते?

संकेतस्थळाची पाने ज्या संगणकावर ठेवलेली असतात तो सर्व्हर, आणि त्यावरील जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. त्या जागेच्या किल्ल्यांचा जुडगा म्हणजे कंट्रोल पॅनेल. आपल्याकडील लहान संकेतस्थळांसाठी सीपॅनेल नावाची प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. प्लेस्क, डायरेक्टअ‍ॅडमिन अशा अन्य प्रणालीही आहेत आणि त्यांतही अशाच सोयी असतात.

सीपॅनेलमध्ये प्रवेश केल्यावर 'मेट्रिक्स' नावाचा विभाग दिसतो. त्यातील 'व्हिजिटर्स' या ठिकाणी अलीकडच्या, जास्तीत जास्त १००० नोंदी दिसतात. 'एरर्स' या ठिकाणी अलीकडील चुकांच्या नोंदी दिसतात. 'रॉ अ‍ॅक्सेस' येथून संपूर्ण कच्ची नोंदवही आपल्या संगणकावर उतरवून घेता येते. तेथेच नोंदी साठवून ठेवण्याची एक खूण असते. ती केलेली नसल्यास जुन्या नोंदी पुसल्या जाण्याचा संभव असतो. याखेरीज 'अ‍ॅवस्टॅट्स' आणि 'वेबलायझर' हे दोन कार्यक्रम त्याच नोंदींवरून तक्ते व आलेख तयार करून देतात. वेबलायझर १९९७ मधील आणि अ‍ॅवस्टॅट्स २००० मधील. दोन्ही जुने, पण अनेक होस्टिंग सेवांत आजही आढळणारे.

'व्हिजिटर्स'मधील १००० ओळी पाहून मत बनवणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. ती परीक्षा खरी ठरते, पण भात ढवळलेला असेल तर. एखाद्या यंत्राने रात्री अर्ध्या तासात शेकडो पाने उघडली, तर सकाळी दिसणाऱ्या बहुतेक ओळी त्या एकाच यंत्राच्या असतात. म्हणून निर्णय घ्यावयाचा असेल तेव्हा निदान पूर्ण महिन्याची कच्ची नोंदवही पाहावी, हे उत्तम.

एका ओळीची शरीररचना

नोंदवहीतील प्रत्येक ओळ ही एका मागणीची नोंद असते. तिच्यात क्रमाने पुढील गोष्टी येतात: मागणी करणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे महाजालावरील अंकी पत्ता, दिनांक व वेळ, कोणती फाइल मागितली, सर्व्हरने दिलेला तीन अंकी सांकेतिक क्रमांक, किती बाइट्स पाठवले, कोणत्या पानावरून ही मागणी आली, आणि मागणी करणारा ब्राउझर स्वतःची ओळख काय सांगतो. यांतील सहाव्या रकान्याचे नाव 'रेफरर'. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी पडला तो पडलाच. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीच्या दस्तऐवजात तीच चूक छापली गेली आणि आज जगभरचे संगणक ती निमूटपणे पाळतात. हस्ताक्षराबद्दल नेहमी बोलणी खाणाऱ्या आपल्या व्यवसायाला यातून थोडा दिलासा मिळावा.

सांकेतिक क्रमांक हे नाडीसारखे आहेत. २०० म्हणजे मागितलेली वस्तू दिली. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला, नव्या जागी जावे. ३०४ म्हणजे आपल्याजवळची जुनी प्रत अद्याप तीच आहे, पुन्हा पाठवीत नाही. ४०३ म्हणजे प्रवेश नाही. ४०४ म्हणजे असे पानच येथे नाही. ५०० म्हणजे सर्व्हरच आजारी.

वेळ वाचताना एक काळजी घ्यावी. सर्व्हर परदेशात असल्यास वेळ बहुधा तेथील अथवा जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदलेली असते. ओळीत वेळेपुढे शून्य-शून्य-शून्य-शून्य असे असल्यास साडेपाच तास मिळवावेत. नोंदीतील सायंकाळचे ६ वाजून ४० मिनिटे म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून १० मिनिटे. हा फरक लक्षात न घेतल्यास रात्री जागणारी आई आपल्याला संध्याकाळी निवांत वाचणारी वाटते.

आकडा फुगतो कसा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बैठकीत आलेला अहवाल वेबलायझरचा होता आणि त्यात 'हिट्स' मोजलेल्या होत्या. हिट म्हणजे एक मागणी. समजा, एका पानावर ९ चित्रे आहेत आणि सजावटीच्या २ फाइली आहेत. एका व्यक्तीने ते पान एकदा उघडले की १२ हिट्स नोंदवल्या जातात. ज्या पानावर चित्रच नाही, तेथे सजावटीच्या फाइली धरून ३ होतात. आपल्या प्रतीक्षाकक्षातही असेच असते. बाळ एक, पण त्याच्यासोबत आई, आजी, मामा आणि थोरला भाऊ. डोकी मोजली तर पाच, रुग्ण मात्र एकच. आमच्या संकेतस्थळाची इंग्रजी पाने छायाचित्रांनी भरलेली होती, तर मराठी पाने साध्या मजकुराची होती. हिट्सच्या स्पर्धेत मराठी पाने मागे पडणार हे रचनेनेच ठरलेले होते.

दुसरी बाब यंत्रांची. महाजालावरील बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडणारे कार्यक्रम, अहोरात्र फिरत असतात. गुगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांचे बॉट येतात. २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांच्या बॉटची त्यांत भर पडली आहे. काही कार्यक्रम केवळ कुलूप उघडे आहे का हे पाहण्यासाठी येतात. आपले संकेतस्थळ वर्डप्रेसवर नसले तरी वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची मागणी करणाऱ्या ओळी नोंदवहीत सापडतात त्या यामुळे. प्रतीक्षाकक्षात बसलेल्या औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना रुग्णसंख्येत धरावे, तसा हा प्रकार होतो. अ‍ॅवस्टॅट्स ओळखीच्या बॉटना वेगळ्या रकान्यात टाकतो. वेबलायझर मूळ रचनेत ही विभागणी करीत नाही. शिवाय सगळेच बॉट खरे नाव सांगत नाहीत. स्वतःला गुगलचा म्हणवणारा पाहुणा खरोखर गुगलचा आहे का, हे त्याच्या आयपी पत्त्यावरून उलट तपासून पाहावे लागते.

तिसरी बाब 'व्हिजिट' या शब्दाची. एक भेट संपली कधी आणि दुसरी सुरू झाली कधी? वेबलायझर सामान्यतः ३० मिनिटांची शांतता झाली की भेट संपली असे धरतो, अ‍ॅवस्टॅट्स ६० मिनिटांची. नोंदवही तीच, पण दोन अहवालांत भेटींचे आकडे निराळे. दोन प्रयोगशाळांचे संदर्भमूल्य निराळे असावे तसेच हे. म्हणून गतवर्षाची तुलना करताना दोन्ही वर्षी एकाच कार्यक्रमाचा अहवाल घ्यावा.

आकडा आटतो कसा?

फुगवटा जसा असतो तशी तूटही असते आणि ती अधिक महत्त्वाची आहे, कारण ती दिसत नाही. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागे उभे करतात. उलट एकाच माणसाचा पत्ता दिवसातून अनेकदा बदलू शकतो. त्यामुळे 'युनिक व्हिजिटर्स' या रकान्यातील संख्या ही माणसांची नसून पत्त्यांची असते. रेशनकार्डावरून कुटुंबातील माणसे मोजता येतील, घराच्या दारांवरून मोजता येणार नाहीत.

संकेतस्थळासमोर क्लाउडफ्लेअरसारखी मध्यस्थ सेवा लावलेली असेल, तर चित्रे व सजावटीच्या अनेक मागण्या ती स्वतःच पुरवते आणि आपल्या सर्व्हरला त्यांचा पत्ताही लागत नाही. सर्वांत मोठी गळती मात्र व्हॉट्सअ‍ॅपची. बेला किंवा जैनद मंडलातील एखादी आशा कार्यकर्ती आपले अतिसारावरील पान एकदा उघडते, त्याचे छायाचित्र काढते आणि गावाच्या गटावर टाकते. चाळीस घरांत ते वाचले जाते. नोंदवहीत भेट एक. साध्या मजकुराचे, एका पडद्यात मावणारे मराठी पान अशा रीतीने पसरण्यास सर्वाधिक सोयीचे असते. याचा थोडा सुगावा मात्र लागू शकतो. कोणी दुवा पाठवला की त्याची छोटी झलक दाखवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप स्वतः त्या पानाची मागणी करते आणि ओळखीच्या रकान्यात त्याचे नाव उमटते. मराठी पानांच्या ओळींत हे नाव मला वारंवार आढळले.

सीमेवरचा वाचक कोठला?

अहवालात 'शहर' असाही एक तक्ता होता आणि त्यात आदिलाबादचे नाव जवळजवळ नव्हते. हैदराबाद होते, मुंबई होती, अमेरिकेतील काही शहरे होती. "आपले लोक पाहतच नाहीत," असा अर्थ त्यातून काढला गेला. वास्तविक आयपी पत्त्यावरून काढलेले ठिकाण हे बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्राचे असते, वाचकाच्या घराचे नव्हे. आदिलाबादेतील मोबाइलवरून केलेली मागणी हैदराबादची म्हणून दिसू शकते, तर नदीपलीकडील वाचकाची मागणी मुंबई-पुण्याची म्हणून. अमेरिकेतील नोंदी बहुतांशी तेथील सर्व्हरवर चालणाऱ्या बॉटच्या होत्या.

आपल्या भागाच्या बाबतीत या तक्त्याचा उपयोग आणखी कमी. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले, तर मुधोळ आणि भैंसा हे भाग नांदेडकडून इकडे आले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि भैंसा-मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. रेषा बदलत राहिल्या, सोयरिकी आणि दवाखान्याच्या वाटा मात्र त्याच राहिल्या. किनवटचे मूल आदिलाबादेत तपासले जाते आणि आदिलाबादचे कुटुंब नांदेड-नागपूरला जाते. असा वाचक कोणत्या राज्यात गणावा हे जेथे माणसांनाच सांगता येत नाही, तेथे यंत्राने ते सांगावे ही अपेक्षा व्यर्थ आहे.

मग नोंदवही खरे काय सांगते?

एवढे दोष पाहून नोंदवही फेकून द्यावी असे मुळीच नाही. ती माणसे मोजण्यास दुबळी आहे, पण आपल्या सेवेतील उणिवा दाखवण्यास अत्यंत समर्थ आहे. मला ती रुग्णसंख्येच्या वहीपेक्षा परिचारिकेच्या रात्रपाळीच्या वहीसारखी अधिक वाटते.

पहिले उदाहरण ४०४ चे. जी पाने नाहीत तीच लोक मागत असतील, तर ती मागणी आपल्यापर्यंत पोहोचवणारे हे एकमेव साधन आहे. देवनागरी पत्ता असलेली पाने शोधताना एक खूण उपयोगी पडते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह संगणकात ३ बाइट्सचे असते आणि नोंदवहीत प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षर-अंक असा लिहिला जातो. त्यामुळे 'ताप' हा लहानसा शब्द २७ चिन्हांची लांबलचक माळ होऊन बसतो. ही माळ पाहून अनेक जण तिला कचरा समजतात आणि गाळून टाकतात. प्रत्यक्षात तोच आपला मराठी वाचक असतो. प्रत्येक माळेच्या आरंभी टक्का, 'ई', शून्य अशी खूण असते, ती शोधली की मराठी मागण्या वेगळ्या काढता येतात. आमच्या अहवालात अशा ओळी 'इतर' या सदरात गेल्या होत्या.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे आणि मुख्यतः त्यासाठीच हा लेख लिहिण्याचे मनावर घेतले. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात १ जानेवारी २०२३ पासून इंजेक्शनद्वारे द्यावयाच्या पोलिओ लसीचा तिसरा अंशमात्रा डोस ९ महिन्यांच्या वयात समाविष्ट झाला. त्यापूर्वी ६ आणि १४ आठवड्यांचे दोनच होते. संकेतस्थळावरील वेळापत्रक त्यानुसार बदलले गेले. परंतु रचना सांभाळणाऱ्या व्यावसायिकाने जुन्या पानाचा दुवा तेवढा काढला, जुनी फाइल मात्र सर्व्हरवर तशीच राहिली. मुखपृष्ठावरून पाहणाऱ्यास सारे ठीक दिसत होते. नोंदवहीत मात्र जुन्या फाइलसमोर २०० हा आकडा पुनःपुन्हा उमटत होता. पूर्वी कधीतरी पाठवलेला दुवा गटागटांतून फिरत होता आणि पालकांना दोन डोसांचे जुने वेळापत्रक मिळत होते. सर्व्हरच्या दृष्टीने प्रकृती उत्तम, कारण मागितलेली वस्तू दिली गेली. २०० याचा अर्थ 'दिले' एवढाच, 'बरोबर दिले' असा नव्हे. ती फाइल काढून तिच्या जागी ३०१ ची सूचना बसवली आणि जुना दुवा उघडणारा प्रत्येक जण नव्या वेळापत्रकावर पोहोचू लागला. ९ महिन्यांच्या बाळाचा एक डोस चुकणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे बालरोगतज्ज्ञांना सांगण्याची आवश्यकता नाही. एकूण भेटींच्या कोणत्याही आकड्याने ही गोष्ट आम्हांला सांगितली नसती.

तिसरे उदाहरण वेळेचे. साडेपाच तास मिळवून पाहिले असता तापाच्या पानाच्या मागण्या रात्री उशिराच्या होत्या. तेव्हा दवाखाने बंद असतात, गाडी मिळत नाही आणि घरात एकटीच आई जागी असते. त्या पानावर ताप म्हणजे काय याचे विवेचन आरंभी होते आणि तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे शेवटी. आम्ही क्रम उलटा केला.

पुढच्या बैठकीत हे सारे मांडले. बॉट आणि चित्रांच्या हिट्स वजा केल्यावर इंग्रजी पानांचा मोठेपणा पुष्कळसा ओसरला होता. मराठी पाने सर्वाधिक वाचली जातात असे मात्र मी म्हटले नाही, कारण नोंदवही तेही सिद्ध करीत नाही. ती बंद करण्यास पुरेसा आधार नाही, एवढेच म्हटले. सभासदांनी ते मान्य केले आणि मराठी पाने राहिली.

अतिविश्वासाचे उदाहरण

नोंदींवरून फार पुढचे अनुमान काढण्याचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. २००८ मध्ये गुगलने लोकांच्या शोधशब्दांवरून इन्फ्लुएन्झाच्या साथीचा अंदाज देणारी 'गुगल फ्लू ट्रेंड्स' ही सेवा सुरू केली. २००९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभर कौतुक झाले. परंतु त्याच वर्षीच्या एचवन-एनवन साथीची पहिली लाट तिला नीट दिसली नाही आणि २०१२-१३ च्या हंगामात तिचे अंदाज प्रत्यक्षाहून फार चढे निघाले. २०१५ मध्ये ती बंद झाली. वृत्तपत्रांत साथीची बातमी आली की निरोगी माणसेही शोध घेतात, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. आपल्याही नोंदवहीत डेंग्यूच्या पानाची मागणी वाढली तर डेंग्यू वाढला असे नव्हे. चिंता वाढली एवढे निश्चित. चिंतेलाही उत्तर द्यावयाचे असते, पण तिला निदान म्हणू नये.

आता शोधशब्दही नोंदवहीत येत नाहीत. पूर्वी गुगलवरून आलेल्या वाचकाने काय शोधले होते ते 'रेफरर'मध्ये दिसत असे. २०११ पासून गुगलने शोध कूटबद्ध करण्यास आरंभ केला आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत ही माहिती जवळजवळ नाहीशी झाली. अ‍ॅवस्टॅट्समधील शोधशब्दांचा तक्ता रिकामा दिसतो तो यामुळे, त्यात बिघाड नाही.

नोंदवही हाही केसपेपरच

शेवटचा मुद्दा व्यवसायनीतीचा. संकेतस्थळावरील नोंदींत नाव नसते, म्हणून त्या निरुपद्रवी आहेत असे समजले जाते. आपल्यासारख्या गावात हे खरे नाही. एखाद्या कार्यालयाचा अथवा रुग्णालयाचा इंटरनेट पत्ता कायमचा एकच असतो. तेथून रात्रपाळीत कोणी वंध्यत्वाचे, क्षयाचे किंवा नैराश्याचे पान वारंवार उघडले, तर ते कोण असावे हे ओळखण्यास गावात फार वेळ लागत नाही. जर्मनीतील पॅट्रिक ब्रायर यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्णय दिला की, ज्याच्या आधारे व्यक्तीपर्यंत पोहोचण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध आहे, असा बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरू शकतो.

याहून मोठा धोका अपॉइंटमेंटच्या अर्जात असतो. अर्जाची रचना 'गेट' पद्धतीने केलेली असेल तर पालकाने भरलेले बाळाचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि तक्रार हे सारे पानाच्या पत्त्यात जोडले जाते आणि जसेच्या तसे नोंदवहीत उतरते. 'पोस्ट' पद्धतीत हा मजकूर पत्त्यात जात नाही. आपल्या संकेतस्थळावर अर्ज असल्यास एकदा स्वतः भरून पाहावा आणि पुढच्या पडद्यावर वर पत्त्याच्या पट्टीत आपले नाव दिसते का ते पाहावे. दिसल्यास त्याच दिवशी रचनाकारास बोलवावे.

रुग्णाविषयी व्यवसायाच्या ओघात कळलेली गोष्ट उघड करू नये, हे २००२ च्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या आचारनियमांत सांगितलेलेच आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सेवापुरवठादार व कंपन्यांना संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. दुसरीकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून बालकांचा मागोवा घेण्यावर विशेष निर्बंध आहेत. म्हणजे नोंद ठेवणे हे कर्तव्य आणि ती उघडी न टाकणे हेही कर्तव्य. इंडोअर पेपरच्या बाबतीत आपण नेमके हेच करीत आलो आहोत.

काही व्यावहारिक सूचना

कंट्रोल पॅनेलचा परवलीचा शब्द संस्थेच्या दोनच जबाबदार व्यक्तींकडे असावा आणि पदाधिकारी बदलले की तो बदलावा. महिन्यातून एकदा ४०४ च्या ओळी आणि जुन्या फाइलींसमोरील २०० च्या ओळी अवश्य पाहाव्यात. त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. वार्षिक अहवालात हिट्स देऊ नयेत. द्यावयाचेच असल्यास बॉट वगळून पाहिलेल्या पानांची संख्या द्यावी आणि कोणत्या कार्यक्रमाने मोजली तेही लिहावे. कच्ची नोंदवही ईमेलने अथवा व्हॉट्सअ‍ॅपने कोणासही पाठवू नये. ठरलेला काळ संपला की ती नष्ट करावी. आणि नोंदींवरून अमुक एक वाचक कोण असावा, याचा तर्क कुतूहलापोटीही करू नये.

नोंदवहीतील प्रत्येक ओळ ही कोणाच्या तरी घरातील एखाद्या प्रश्नाची खूण असू शकते. ती यंत्राची आहे की माणसाची, हे ओळखण्यासाठी थोडे तंत्र शिकावे लागते. माणसाची असेल तर तिला योग्य उत्तर मिळाले की नाही, हे पाहण्यासाठी मात्र तंत्रज्ञाची नव्हे, डॉक्टरची नजर लागते. ती आपणांपाशी आहेच. आपल्या सभासदांनी ती या नव्या नोंदवहीकडेही वळवावी, एवढीच विनंती.